न घेतलेल्या गाडीचं ॲव्हरेज

मोटरसायकलला मराठीत 'मोटरसायकल' असं फारसं कुणी म्हणत नाही. आधी ती फटफटी होती, आता नुसती 'गाडी' आहे. ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याच्याशी दहा मिनिटं बोलावं, म्हणजे बोलण्यात एक दुसरी गाडी येतेच. ती त्याच्याकडे नसते. "घेणार होतो आरएक्स हंड्रेड, पण वडील म्हणाले हिरो होंडा घे." "बुलेट बघून आलो होतो, हप्ता जड गेला असता." "आणखी दहा हजार टाकले असते तर वरचं मॉडेल आलं असतं." फ्रिज घेतलेला माणूस दहा वर्षांनी न घेतलेल्या फ्रिजची आठवण काढत नाही. गाडीवाला मात्र वीस-पंचवीस वर्षांनीही काढतो, आणि बोलताना त्याचा उजवा हात नकळत ॲक्सिलरेटर पिळल्यासारखा वळतो.

या दुसऱ्या गाडीचा विचार करायचा तर दोन वाटांनी जावं लागतं. पहिली वाट बाजाराच्या आणि सरकारी धोरणाच्या इतिहासाची: माणसाला निवडायला मुळात काय काय मिळालं, आणि ते कुणी ठरवलं? दुसरी वाट मनाची: निवड केल्यावर सोडून दिलेल्या पर्यायाचं आपण काय करतो? या दोन वाटा जिथे मिळतात तिथे एक घरगुती प्रश्न उभा असतो आणि तो पैशाचा, क्वचित जिवाचाही असतो. म्हणून हा विषय वाटतो तितका हलका नाही.

निवड नव्हती तेव्हा

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन-साडेतीन दशकं भारतात दुचाकीची निवड हा प्रकार जवळजवळ नव्हता. कुणी काय बनवायचं, किती बनवायचं आणि परदेशातून काय आणायचं हे परवान्यांवर ठरत असे. मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाने १९५५ साली बुलेट जुळवायला सुरुवात केली; तिच्यामागे लष्कराची मागणी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी चेकोस्लोव्हाकियाची जावा इथे बनवायला घेतली. तीच गाडी १९७३ पासून 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली. एस्कॉर्ट्‌सने पोलंडच्या एका गाडीवरून १७५ सीसीची राजदूत आणली. फटफटी म्हणजे या तिघींपैकी एक.

मध्यमवर्गाचं मन मात्र स्कूटरवर होतं. इटलीच्या पियाजिओशी झालेल्या कराराखाली बजाज वेस्पा बनवत असे. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडली. स्कूटरचं वितरण सरकारी नियंत्रण आदेशाखाली होतं, उत्पादनाला परवान्याची मर्यादा होती आणि मागणी अफाट होती. नाव नोंदवल्यावर स्कूटर हातात यायला दहा दहा वर्षं लागल्याच्या हकिकती त्या पिढीतल्या बहुतेक घरांत आहेत. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या कॉलेजच्या वर्षात दारात यावी, असा तो हिशेब होता. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. ज्याला घाई असे तो नंबर लागलेल्या माणसाकडून वर पैसे देऊन घेई, आणि हा 'ऑन' सगळ्यांना ठाऊक असे.

अशा काळात 'दुसरी गाडी कोणती घेतली असती?' हा प्रश्नच पडत नाही. चेतकला खरा पर्याय दुसऱ्या कंपनीची स्कूटर हा नव्हता. तो होता सायकल, एसटी, पीएमटी किंवा पायपीट. त्यामुळे चेतक तिरकी करून किक मारावी लागते, इंजिन एका अंगाला असल्याने ती एका बाजूला ओढते, अशी गाऱ्हाणी लोक हसत हसत सांगत. ज्या वस्तूसाठी दहा वर्षं थांबलो तिच्यात खोट काढायची कुणाची छाती होणार?

मोटरसायकल घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा होता आणि त्यामागे एक साधं यंत्रशास्त्र होतं. चेतकचं चाक दहा इंची. मोटरसायकलचं त्याच्या जवळपास दुप्पट. चाक मोठं असेल तर तेवढाच खड्डा त्याला लहान पडतो. डांबरी सडक संपून बैलगाडीची वाट लागली की हा फरक कमरेला कळतो. म्हणून शहरातल्या कारकुनाने स्कूटरसाठी नंबर लावला आणि दूधवाल्याने राजदूत घेतली. दोन्हीकडे कॅन अडकवलेली राजदूत हे कित्येक गावांच्या पहाटेचं चित्र होतं. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीवर होते. किक मारून झाली की तीच दांडी फिरवून गिअर टाकायचा. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. बुलेटवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की ऐन वेळी भलत्याच पायाने दाबायचा. सवयही एका अर्थी कुंपणच घालते: एका गाडीत मुरलेल्या पायाला दुसरी गाडी केवळ पैशाने बदलून मिळत नाही.

शंभर सीसीचं दार

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुचाकीच्या धंद्यात परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली, पण तीही मुख्यतः शंभर सीसीपर्यंतच्या इंजिनांना. पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा सगळा मोटरसायकल-इतिहास या एका आकड्यातून निघाला. जपानच्या चारही मोठ्या कंपन्या भारतीय जोडीदार शोधून आल्या. १९८४ साली इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्‌सने आणलेली यामाहा आरएक्स १००, त्यापाठोपाठ कावासाकी-बजाजची केबी १००. दोन-तीन वर्षांत सारख्याच मापाच्या चार गाड्या बाजारात उभ्या राहिल्या. मराठी मध्यमवर्गाने दुचाकींची खरीखुरी तुलना पहिल्यांदा तेव्हा केली.

या चौघींत तिघी टू-स्ट्रोक होत्या आणि एकटी हिरो होंडा फोर-स्ट्रोक. त्या पिढीच्या सगळ्या 'घेतली असती तर'चं मूळ या फरकात आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. तेवढ्याच मापाच्या सिलिंडरमधून टू-स्ट्रोक जास्त ताकद काढते, तिला व्हॉल्व्हची यंत्रणा लागत नाही, वजन कमी राहतं. पण या सोयीची किंमत असते. जळालेला वायू बाहेर ढकलण्याचं काम आत येणारं नवं मिश्रण करतं आणि त्या गडबडीत थोडं कच्चं पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निसटतं. शिवाय इंजिनाला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याचा निळसर धूर होतो. म्हणून आरएक्सला पिकअप आणि हिरो होंडाला ॲव्हरेज. आरएक्स १०० ची ताकद अकरा अश्वशक्तीच्या आसपास, वजन शंभर किलोच्या घरात. सीडी १०० ची ताकद तिच्याहून बरीच कमी, पण तिच्या जाहिरातीत लिटरला ऐंशी किलोमीटरचा आकडा होता आणि सांगणं असं होतं की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा.

हा आकडा घरात कसा वाचला गेला ते बघा. रोज चाळीस किलोमीटर जाणं-येणं आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात. लिटरला ऐंशी देणारी गाडी त्यासाठी दीडशे लिटर पेट्रोल पिईल, चाळीस देणारी तीनशे. फरक दीडशे लिटरचा. जाहिरातीतलं ॲव्हरेज रस्त्यावर कधीच मिळत नाही हे गृहीत धरून तो शंभर लिटर मानला, तरी दहा वर्षांत हजार लिटर होतात. पगारदार माणसाच्या घरात हा मुलांच्या फीचा पैसा होता. वडील 'हिरो होंडा घे' म्हणाले ते याच हिशेबावर. मुलगा 'आरएक्स' म्हणाला तो दुसऱ्या हिशेबावर, आणि तो कागदावर मांडता येत नव्हता. बहुतेक घरांत वडिलांचा हिशेब जिंकला. १९९४ साली स्प्लेंडर आली आणि तो हिशेब देशाचा झाला.

मग सरकारने आणखी एक रेघ ओढली. धुराचे नियम १९९१ पासून लागू होते. ते १९९६ आणि २००० साली कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकलींचं जगणं अवघड झालं. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. ज्यांनी या गाड्या घेतल्या नव्हत्या त्यांना आता त्या घेता येणारही नव्हत्या. पर्याय बाजारातून उठला आणि मनात जाऊन बसला.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध

सोडून दिलेल्या पर्यायाचं मन काय करतं, यावर मानसशास्त्रात सत्तर वर्षं काम झालं आहे. जॅक ब्रेम या अमेरिकन संशोधकाचा १९५६ सालचा प्रयोग त्यात आरंभीचा. त्याने काही स्त्रियांना घरगुती उपकरणं दाखवून प्रत्येकाला गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक निवडून घरी न्यायला दिली आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्या वस्तूचे उतरले. वस्तू तीच होती; फक्त निर्णय झाला होता. दोन्ही वस्तू तुल्यबळ असतील तर ही ओढाताण जास्त दिसली. लिऑन फेस्टिंजरने १९५७ साली मांडलेल्या बोधविसंगतीच्या सिद्धांताने याचा अर्थ लावला: 'मी विचार करून निवडलं' आणि 'सोडलेलंही चांगलं होतं' ही दोन वाक्यं मनात एकत्र नांदत नाहीत, म्हणून मन दुसऱ्या वाक्याची धार कमी करतं.

त्याच सुमाराचा दुसरा एक अभ्यास तर गाड्यांचाच आहे, चारचाकींचा असला तरी. डॅन्यूटा अर्लिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली नुकतीच गाडी घेतलेल्या माणसांना कोणत्या जाहिराती वाचल्या ते विचारलं. विचारात घेऊन सोडलेल्या गाड्यांपेक्षा आपल्याच गाडीच्या जाहिराती ते अधिक वाचत होते. गाडी घेऊन झाल्यावर तिची जाहिरात वाचायची काय गरज? गरज गाडीची नसते, निर्णयाची असते. नवी गाडी दारात आल्यावर पहिले काही महिने माणूस वकिलासारखा बोलतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज त्याला फाटका वाटतो, आपल्या गाडीची खरखर 'रनिंगमध्ये सुटेल' असं तो सांगतो.

मग वीस वर्षांनंतरची हळहळ कुठून येते? ब्रेम आणि फेस्टिंजर यांच्या म्हणण्याप्रमाणे सोडलेली गाडी तोवर मनातून पुरती उतरायला हवी होती. याचं उत्तर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ मध्ये दिलं. त्यांना आढळलं की पश्चात्ताप काळाबरोबर कूस बदलतो. जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी टोचतात, लांबच्या काळात न केलेल्या. केलेल्या गोष्टीची आपण डागडुजी करतो, तिच्यातून काही शिकलो असं म्हणतो, तिचा निकाल लागतो. न केलेल्या गोष्टीचा निकाल लागतच नाही. तेव्हा आपल्याला अडवणाऱ्या अडचणी, म्हणजे वडिलांचा धाक, हप्त्याची भीती, गावातला एकच फिटर, या वर्षांगणिक लहान दिसू लागतात. आणि न केलेल्या गोष्टीतून काय काय घडलं असतं याला शेवट राहत नाही.

आपल्याकडच्या बाईला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. 'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण त्याच अनुभवाची. न घेतलेली गाडी कधी घाटात बंद पडत नाही. तिची चेन सैल होत नाही, तिच्या टाकीला गंज चढत नाही, पावसाळ्यात तिच्या प्लगमध्ये पाणी जात नाही. ती रिझर्व्हला लागत नाही, कारण तिच्यात पेट्रोल घालावंच लागत नाही. घेतलेल्या गाडीच्या रोजच्या खर्चाची तुलना आपण न घेतलेल्या गाडीच्या फक्त गुणांशी करतो.

याचा उत्तम पुरावा म्हणजे राजदूत ३५०. यामाहाच्या प्रसिद्ध आरडी ३५० चा हा भारतीय अवतार १९८३ साली आला. दोन सिलिंडर, तीसेक अश्वशक्ती. त्या वेळच्या भारतीय रस्त्यांवर तिच्या पासंगाला पुरेल असं दुसरं काही नव्हतं. पण ती पेट्रोल प्यायची, सुटे भाग महाग होते आणि तिला हात लावायला गावचा फिटर बिचकायचा. लोकांनी ती शोरूममध्ये पाहिली आणि सोडली. दशक संपता संपता तिचा खेळ आटोपला. आज त्याच गाडीच्या जुन्या सांगाड्याला माणसं भक्तिभावाने जपतात. जुनी चांगली आरएक्स १०० घ्यायची तर तिच्या नव्या किमतीहून जास्त पैसे मोजावे लागतात. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, पर्यावरण कर आणि मिळेनासे झालेले सुटे भाग हे सगळं अंगावर घेऊन माणसं ती घेतात. ते पैसे गाडीचे आहेत तितकेच 'घेतली असती तर' या वाक्याचा एकदाचा निकाल लावण्याचेही आहेत.

निवड फार झाली तेव्हा

१९९९ साली हिरो होंडाची सीबीझी आली आणि शंभर सीसीच्या पलीकडे मोठा बाजार आहे हे दिसलं. २००१ च्या अखेरीस बजाजने पल्सर आणली, १५० आणि १८० सीसीची. ती चाकणच्या कारखान्यात तयार झाली. चेतकच्या रांगेने ओळखली गेलेली कंपनी आता तरुणांना पिकअप विकत होती. पुढे युनिकॉर्न, अपाचे, आर१५ आल्या. २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० आली आणि जी गाडी पोलीस, फौजी आणि पाटलांची म्हणून ओळखली जायची ती आयटीतल्या मुलांची झाली. २०१२ पासून केटीएमच्या ड्यूक चाकणहून निघू लागल्या. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या मालकांच्या हाताखाली परत आल्या. २०२३ मध्ये बजाजनेच बनवलेली ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी आली. ज्या मुलाच्या आजोबांनी एका स्कूटरसाठी दहा वर्षं वाट पाहिली, त्याच्यापुढे आज पन्नास गाड्या आहेत आणि प्रत्येकीचे पाच रंग आहेत.

इतक्या गाड्या असताना तुलना कशाची होते? कागदावर पाहिलं तर आधीच्या ३९० ड्यूकचं ३७३ सीसीचं इंजिन चाळीसहून अधिक अश्वशक्ती देत असे, क्लासिक ३५० चं ३४९ सीसीचं इंजिन वीसच्या आसपास देतं. माप जवळपास सारखं, ताकद दुपटीने वेगळी, आणि तरीही बुलेटच्या जातीच्या गाड्या धडाक्याने खपतात. कागद वाचणारा म्हणेल, लोक खुळे आहेत. पण जुन्या बुलेटच्या सिलिंडरची रचना बघा: व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. लांब पल्ल्याचा पिस्टन सावकाश फिरतो आणि कमी फेऱ्यांतच जोर देतो. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवली तरी ती कुरकुरत नाही आणि प्रत्येक स्फोट कानाला सुटा ऐकू येतो. नव्या इंजिनातही हा स्वभाव राखलेला आहे. घेणारा माणूस अश्वशक्ती विकत घेत नसतो. गावात शिरताना गाडी कशी वाजावी, हे तो विकत घेत असतो. ड्यूकवाला दुसरंच काही घेतो. तुलनेच्या तक्त्यात या दोघी शेजारी शेजारी बसल्या, तरी त्या एकमेकींना पर्याय नाहीत.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच म्हटलं होतं की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. त्याच्या कसोटीला पुरेसं उतरणारं पहिलं सापडलं की तो थांबतो. बॅरी श्वार्ट्‌झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या दोन स्वभावांची माणसं ताडून पाहिली. सर्वोत्तमच हवं म्हणणाऱ्यांच्या वाट्याला पश्चात्ताप अधिक आणि समाधान कमी आलेलं दिसलं. वडिलांच्या पिढीची कसोटी एकच होती: ॲव्हरेज किती देते? ती कसोटी अरसिक होती, पण तिच्यावर निकाल लागायचा. आजच्या मुलाकडे वीस कसोट्या आहेत आणि त्या एकाच गाडीत कधी जमत नाहीत. त्यामुळे कोणतीही घेतली तरी एकोणपन्नास न घेतलेल्या गाड्या तो घरी घेऊन येतो.

त्यात सरकारी रेघा चालूच आहेत. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी व्यवस्था चालते असं नियमाने मानलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्क्यांवर गेला. ३४९ सीसीची गाडी एका बाजूला, ३९८ सीसीची दुसऱ्या. एकेकाळी शंभरच्या आकड्याने जे केलं ते आता साडेतीनशेचा आकडा करतो. आपली आवड आपली असते. तिच्याभोवतीचं कुंपण दुसऱ्या कुणी घातलेलं असतं.

तक्त्यात नसलेले पर्याय

इथवर आपण गाडीची तुलना गाडीशी करत होतो. अर्थशास्त्र याहून पुढे जातं. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन वीझर याच्या नावाशी जोडलेली संधी-खर्चाची कल्पना सांगते, की एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली सर्वांत चांगली दुसरी गोष्ट. ती दुसरी गोष्ट गाडीच असेल असं नाही. ती मुलीची फी असेल, विहिरीची मोटार असेल, सोनं असेल, एसटीचा पास आणि बँकेतली ठेव असेल.

या गोष्टी आपल्या मनात येत का नाहीत? शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक साधा प्रयोग छापला. लोकांना विचारलं, पंधरा डॉलरची एक चित्रफीत घ्याल का? 'घेईन' आणि 'घेणार नाही' असे दोन पर्याय दिले तेव्हा शंभरातल्या पंचाहत्तरांनी 'घेईन' म्हटलं. मग दुसऱ्या गटापुढे 'घेणार नाही'च्या पुढे एवढंच जोडलं की ते पैसे दुसऱ्या खरेदीसाठी राहतील. घेणारे पंचावन्नावर आले. पैसे उरतात हे कुणाला माहीत नव्हतं? तरी ते कुणीतरी समोर मांडेपर्यंत तो पर्याय तुलनेत आलाच नव्हता. शोरूममध्ये दोन गाड्या समोर उभ्या असतात. उरणारा पैसा कुठेच उभा नसतो. दीड लाखाची की एक लाख साठ हजारांची, या घोळात दीड लाख रुपये हीच एक निवड होती हे निसटून जातं.

आणि तक्त्यात मागे बसणारीही नसते. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागच्या माणसाला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण असायला हवं. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ते हेच. गाडी घेणारा तरुण पहिल्या आठवड्यात ते काढून टाकतो, कारण मागचं चाक उघडं दिसलं की गाडी मर्दानी वाटते. उंच शेपटीच्या गाडीवर मागे एका अंगाने बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही की तुझ्या मते दुसरी कोणती घ्यायला हवी होती? तिच्या हिशेबात पिकअप हा गुण नसून धास्ती आहे. गाडी दोघांची म्हणून घेतली जाते, निवड मात्र पुढच्या सीटवर होते. १९७२ साली पुण्यात आलेली लुना, १९८४ नंतरची बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा, पुढे स्कूटी यांनी पुष्कळ बायकांना पुढची सीट दिली. त्या घरांमध्ये 'दुसरी कोणती घेतली असती' या प्रश्नाला पहिल्यांदा दोन उत्तरं मिळाली.

शेवटची गोष्ट जिवाची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. एबीएस असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांतला फरक ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आल्यावर एकदाच कळतो. पुढचं चाक लॉक झालं की गाडी घसरते. एबीएस ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला सोडतं-धरतं आणि चाक फिरतं ठेवतं. 'आणखी थोडे टाकले असते तर' हे वाक्य आपण इंजिनाच्या मापाबद्दल म्हणतो, रंगाबद्दल म्हणतो. ब्रेकबद्दल आणि चांगल्या हेल्मेटबद्दल ते म्हणणारा क्वचित भेटतो. ज्याला ते म्हणायची वेळ येते तो बहुधा हॉस्पिटलमध्ये असतो.

मग तुलना करावी कशी?

संशोधन आणि गॅरेज या दोहोंचं सांगणं इथे जुळतं. गाडी पाहायला जाण्याआधी आपल्या तीन कसोट्या कागदावर लिहाव्यात आणि तीनही पुरेशा भागवणारी पहिली गाडी घ्यावी. ॲव्हरेजचा हिशेब आपल्या किलोमीटरांनी करावा. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्याला लिटरमागे पासष्ट आणि पंचेचाळीस यांतला फरक ऐंशी-ब्याऐंशी लिटरचा पडतो, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तर आठ हजार रुपयांचा. वर्षाला तीन हजार चालणाऱ्याला तो फक्त दोन हजारांचा आहे आणि तेवढ्यासाठी त्याने मन मारायचं कारण नाही. मागे बसणाऱ्या माणसाला मागे बसवून पाहावं. गावातल्या फिटरला विचारावं की कोणत्या गाडीचे सुटे भाग हातासरशी मिळतात. आणि 'घेतलीच नाही तर' हा पर्यायही इतर गाड्यांच्या रांगेत, किमतीसकट लिहावा.

एवढं करूनही दुसरी गाडी मनातून जाणार नाही. जायचं कारणही नाही. नव्वद सालच्या माणसाची आरएक्स हंड्रेड ही त्याच्या वयाची, त्याच्या वडिलांची, त्या वेळच्या पगाराची आणि सरकारी शंभर सीसीची मिळून झालेली गोष्ट आहे, आणि ती सांगताना तो आपल्या पिढीचा इतिहास सांगत असतो. फक्त ऐकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की त्याच्या आवडत्या गाडीने त्याला एकदाही रस्त्यात उतरवलेलं नाही. ज्या हिरो होंडाला तो नावं ठेवतो तिने त्याला वीस वर्षं कामावर नेलं, दवाखान्यात नेलं, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत सोडलं. तिचं ॲव्हरेज काढता येतं. दुसरीचं काढता येत नाही, आणि तिचा सगळा तोरा त्यावर चालतो.